जावयाला घेऊन कुठे जायचं

गिरणीवालीच्या लेकीने नवऱ्याला सोडलं, पण तेही तिच्या माहेरीच. बॅग भरली, पोरीचा हात धरला आणि नवऱ्याला आपल्या आईच्या गळ्यात बांधून ती शहरातल्या बिस्किटांच्या कारखान्यात पॅकिंगच्या कामाला निघून गेली. जाताना दारात वळून म्हणाली, "हा माणूस शुद्धीवर आला की कळव. तोवर सांभाळ. तुझाच लाडका आहे."

लाडका होता, हे खोटं नव्हतं. जावई वेल्डर. लग्नानंतर त्याने गिरणीच्या शेजारच्या मोकळ्या जागेत पत्र्याची शेड टाकली आणि दोघं तिथेच राहायला आली. सासूबाईंच्या खिडक्यांना ग्रिल बसलं, गिरणीच्या डगमगत्या स्टँडला नवे पाय आले. गावातली निम्मी गेटं त्याच्या हातची होती. आधी तो संध्याकाळी प्यायचा. मग दुपारी जेवणाआधी. शेवटी शेवटी सकाळी रॉड हातात धरायच्या आधी घोट लागायचा, कारण त्याशिवाय हात स्थिर होत नव्हता. आरडाओरडा नाही, मारहाण नाही. उलट प्यायला की प्रत्येकाची माफी मागत फिरायचा. गिरणीवाली म्हणायची, भांडखोर असता तर हाकलून तरी दिला असता. हात जोडणाऱ्या माणसाला कसं हाकलायचं?

लेक गेली त्या दिवशी जावई शेडच्या उंबऱ्यावर बसून राहिला. ग्राइंडरला हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सासूसमोर येऊन उभा राहिला.

"आई, मी सोडली."

"काय सोडली?"

"दारू. आजपासून थेंब नाही."

गिरणीवालीने त्याच्या तोंडाकडे नीट पाहिलं. डोळे लाल होते, पण नजर सरळ होती. म्हणाली, "मग बाटल्या दाखवा, जावईबापू." त्यानेही निमूटपणे दाखवल्या. एक वेल्डिंग रॉडच्या खोक्यात, एक गॅसच्या टाकीमागे आणि एक चक्क गिरणीतल्या रिकाम्या डब्यात. म्हातारीने तिन्ही मोरीत ओतल्या. ओताना तिला वाटलं, हे काम आपण फार आधी करायला हवं होतं. लगेच लेकीला फोन लावला. लेक म्हणाली, "बघू," आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी जावयाच्या हातातून कप निसटला. हात असे थरथरत होते की चहा बशीत, बशीतून मांडीवर आणि मांडीवरून जमिनीवर गेला. हवा थंड होती तरी शर्ट घामाने चिकटला होता. खाल्लेलं पोटात ठरेना. दळण घ्यायला आलेली शेजारीण म्हणाली, "चांगलं लक्षण आहे. विष बाहेर पडतंय." गिरणीवालीला ते पटलं. दिवसभर लिंबूपाणी देत राहिली. पण त्या रात्री त्याचा डोळा लागला नाही, आणि सकाळी तो भिंतीवर बोट ठेवून म्हणाला, "आई, इथून मुंग्या कुठे चालल्यात सगळ्या?"

भिंत स्वच्छ होती. तिने चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. स्वच्छच होती.

तिच्या डोक्यात आता काही बसेना. पीत होता तेव्हा निदान माणसात होता. सोडली आणि हे काय होऊन बसलं? सुधारणारा माणूस असा बिघडतो का कधी?

ती त्याला गावातल्या डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टरने नाडी धरली, तोंडाचा वास घेतला आणि हात सोडून दिला.

"या केसेस मी घेत नाही. केंद्रात न्या."

"कुठल्या केंद्रात?"

"व्यसनमुक्ती केंद्र. असतं ना."

"असतं, पण कुठे असतं?"

डॉक्टरने खिडकीबाहेर नजर टाकली, जणू केंद्र रस्त्यापलीकडेच असेल. "मोठ्या गावात असावं. विचारा कुणालाही."

तिने कुणालाही विचारलं. औषधांच्या दुकानदाराने एक पुडी पुढे केली. "केंद्रबिंद्र सोडा. ही जेवणातून द्या, त्यांना कळणारसुद्धा नाही."

"तो जेवतच नाही हो. देऊ कशातून?"

दुकानदाराने पुडी परत आत ठेवली. मग एका गिऱ्हाइकाने मदतीच्या फोनचा नंबर सांगितला. गिरणीवालीने दुकानाच्या पायरीवर बसून तो लावला. आधी बराच वेळ गाणं वाजलं. मग एका मुलीचा गोड आवाज आला.

"नमस्कार. तुम्ही पेशंट बोलताय का?"

"नाही, मी सासू."

"पेशंट तुमचे मिस्टर का?"

"अहो, मिस्टर जाऊन जमाना झाला. जावई आहे."

"पेशंट तुमच्याजवळ आहेत का आत्ता?"

गिरणीवालीने वळून पाहिलं. जावई दुकानाच्या शटरवरून बोटं फिरवत होता, कुठे जोड सुटलाय का ते बघितल्यासारखा. "आहे तर जवळच," ती म्हणाली, "पण आहे कुठे ते मला सांगता येणार नाही." मुलीला बिचारीला ते कळलं नाही. तिने मोठ्या गावातल्या केंद्राचा पत्ता दिला, बाजाराच्या मागे, पाण्याच्या टाकीसमोर. आणि दिवस चांगला जावो म्हणाली.

दुधाचा टेम्पो रोज सकाळी मोठ्या गावाला जायचा. ड्रायव्हरचं दळण याच गिरणीवर असायचं, त्यामुळे तो नाही म्हणाला नाही. केबिनमध्ये तिघं दाटीवाटीने बसली, जावई मध्ये. रस्त्यात तो एकदम स्वच्छ बोलायचा. "आई, मी बरा होईन ना?" असं अगदी शहाण्यासारखं विचारायचा. आणि तिने उत्तर द्यायच्या आत पुढे वाकून काचेवर टिचकी मारायचा, "या काचेवरचे किडे काढा आधी." ड्रायव्हरने दोनदा वायपर चालवून दाखवला. मोठ्या गावात शिरताना एक सरकारी दवाखाना लागला, पिवळ्या भिंती, आवारात एक उभी रुग्णवाहिका. गिरणीवालीने तो बघितला आणि मान वळवली. तिला दवाखाना नको होता. सगळ्यांनी केंद्र सांगितलं होतं.

पाण्याच्या टाकीसमोर इमारत सापडली. दारावर पाटीसुद्धा होती, अक्षरं उडालेली, पण 'मुक्ती' तेवढं वाचता येत होतं. आत प्लास्टिकच्या खुर्च्यांचे मनोरे रचलेले होते. मांडववाल्याचं गोदाम. मांडववाला खुर्च्या पुसता पुसता म्हणाला, "ते लोक कधीच उठून गेले. पाटी काढायला सांगितली तर म्हणे तुम्हीच काढा."

"गेले कुठे?"

"कुणास ठाऊक. पण नदीपलीकडे एक प्रायव्हेट आहे बघा. कडक आहे म्हणतात. तिथून आलेला माणूस परत प्यायची हिंमत करत नाही."

कडक म्हणजे चांगलं की वाईट, हे गिरणीवालीला ठरवता येईना. ड्रायव्हर म्हणाला, "बघून तर येऊ."

नदीपलीकडे तो बंगला होता. भिंती उंच, फाटक बंद, फाटकाला बाहेरून कुलूप. बाहेर बसलेल्या एका रुंद खांद्याच्या माणसाने ते उघडलं. लोक त्याला सर म्हणत होते. त्याने तिघांना एका खोलीत बसवलं. खोलीत एक टेबल, चार खुर्च्या आणि भिंतीवर सूर्योदयाचं चित्र. आतून बऱ्याच पुरुषांचे आवाज येत होते, सगळे एका सुरात काहीतरी म्हणत होते. आवाज मोठे होते, पण त्यात जीव नव्हता.

"सोडून जा," सर म्हणाले. "तीन महिने भेट नाही, फोन नाही. त्यानंतर घेऊन जा, नवा माणूस मिळेल."

"आणि डॉक्टर कधी येतात?"

"डॉक्टरचं काय काम? शिस्त लागते यांना."

जावई तेवढ्यात खुर्चीवरून उतरून जमिनीवर उकिडवा बसला होता. डाव्या हाताचा पंजा त्याने तोंडासमोर काचेसारखा धरला. उजव्या हाताच्या मुठीत काहीच नव्हतं, पण ती मूठ टेबलाच्या पायावर अलगद टेकली, थांबली, एक रेघ ओढत सरकली. पुन्हा टेकली. तो मन लावून वेल्डिंग करत होता.

"आई," तो तिच्याकडे न बघता म्हणाला, "तिकडे तोंड फिरवा. डोळ्यांना त्रास होईल."

गिरणीवालीने खरोखरच तोंड फिरवलं. का फिरवलं ते तिलाही कळलं नाही.

सर हसले. "नाटकं आहेत ही. मी रोज बघतो. दोन दिवसांत उतरवतो." आतलं दार अर्धवट उघडं होतं. तिथून तिला एक लोखंडी खाट दिसली आणि खाटेच्या पायाला गुंडाळलेली साखळी. ती कुत्र्याची असेल, तिने स्वतःला समजावलं. पण कुत्रा कुठे दिसत नव्हता.

तिने बाहेर येऊन लेकीला फोन लावला. मशीनच्या घरघरीतून लेकीचा आवाज आला. "ठेव तिथे. आई, ऐक माझं. तू मऊ आहेस म्हणून हे इथवर आलंय."

"इथे डॉक्टर नाही गं."

"मग कुठे आहे डॉक्टर? सापडला का तुला एक तरी? ठेव आणि घरी जा."

लेकीचं खरं असेल, तिला वाटलं. आपण खरंच मऊ आहोत. ती आत गेली ती त्याला ठेवायच्याच विचाराने. सरांनी जावयाच्या दंडाला धरून उठवलं, आणि त्याच वेळी तिच्या हाताने त्याच्या शर्टाची कॉलर धरली. हात सुटेना. सर एकीकडून, ती दुसरीकडून, आणि मध्ये जावई दोघांची माफी मागत होता.

"राहू द्या," ती म्हणाली. "आज नको. उद्या आणते."

"उद्या जागा नसेल," सर म्हणाले.

"नसू दे."

टेम्पोत बसल्यावर तिला रडू कोसळलं. आपण केलं ते बरोबर की चूक, काहीच कळत नव्हतं. एवढं फिरून, एवढं विचारून हाती काही नाही. मिळालं होतं तेही सोडून आलो. आता याला घरी नेऊन करायचं काय? पूल ओलांडला, बाजार मागे पडला आणि जावई एकाएकी ताठ झाला. मान मागे गेली, दात आवळले, सगळं अंग धडाधड आपटायला लागलं. त्याचा गुडघा गिअरवर बसला आणि गाडी आचके देत रस्त्याच्या कडेला बंद पडली.

"अरे बाळा! अरे, काय झालं तुला? माझ्याकडे बघ!" आजवर ज्याला कधी अरे म्हटलं नव्हतं, त्याचं डोकं छातीशी धरून गिरणीवाली ओरडत होती. ड्रायव्हरने गाडी कशीबशी चालू केली आणि समोर जे पहिलं फाटक दिसलं त्यात घातली. भिंती पिवळ्या होत्या.

पुढचं तिला तुकड्यातुकड्यांत आठवतं. स्ट्रेचरचं करकरणारं चाक. कात्रीने कापलेली शर्टाची बाही. एक लहानखुरी डॉक्टरीण, केस वर बांधलेले, पायांत रबरी चपला, जी धावत नव्हती पण तिच्याभोवती सगळे धावत होते. इंजेक्शन झालं, सलाईन लागलं, अंगाचं आपटणं थांबलं. मग डॉक्टरीण तिच्याजवळ आली.

"शेवटची कधी प्यायले?"

"प्यायला नाही हो! त्याने सोडलीय. थेंब घेतलेला नाही, देवाशपथ. मी स्वतः ओतल्या बाटल्या."

"किती वर्षं रोज पीत होते?"

तिने सांगितलं. डॉक्टरीण स्टूल ओढून तिच्यासमोर बसली. "आजी, म्हणूनच झालं हे. इतकी वर्षं शरीराला रोज दारू मिळत होती. ती एकदम बंद झाली की मेंदू बिथरतो. हात कापतात, नाही ते दिसतं, फिट येते. यात माणूस दगावूही शकतो. डॉक्टरच्या देखरेखीखाली, औषधं देऊन सोडवावी लागते ती."

गिरणीवाली तिच्याकडे बघत राहिली. "म्हणजे मी ओतायला नको होती?"

"सोडायचं ठरवलं ते चांगलंच केलं. फक्त आधी इथे यायचं."

"इथे? पण हे केंद्र नाही ना?"

"नाही. दवाखाना आहे."

"सगळे केंद्र, केंद्र करत होते. सकाळी इथूनच गेलो आम्ही. या फाटकासमोरून."

डॉक्टरीण उठून सलाईनचे थेंब बघून आली. मग म्हणाली, "मनाचे डॉक्टर येतात इथे, दर बुधवारी. डोळे तपासायच्या खोलीशेजारी बसतात. बाहेर पाटी नाही, त्यामुळे कळत नाही कुणाला. पाटी मागितलीय आम्ही."

जावई काही दिवस तिथेच होता. सुरुवातीला त्याला नर्स म्हणजे आपलं गिऱ्हाईक वाटत होतं आणि तो तिला गेट वेळेत देतो असं वचन देत होता. नर्सनेही रंग कुठला हवा ते सांगून टाकलं. मग एका दुपारी तो खूप वेळ झोपला, जागा झाला आणि आढ्याकडे बघून म्हणाला, "आई, हा पंखा कुठला? आपल्याकडे असा नाही." गिरणीवालीने ओळखलं, माणूस परत आला. तिने त्याला पाणी पाजलं आणि पदरात तोंड लपवून रडून घेतलं. त्याला त्या दिवसातलं काहीच आठवत नव्हतं, ना बंगला, ना टेम्पो. "मी काही वेडंवाकडं बोललो का तुम्हाला?" त्याने विचारलं.

"डोळे सांभाळा म्हणालात," ती म्हणाली. एवढंच सांगितलं.

लेक कारखान्यातून तडक दवाखान्यात आली, अंगाला अजून व्हॅनिलाचा वास होता. नवऱ्याच्या उशाशी उभी राहिली, पण बसली नाही. मग आईला व्हरांड्यात घेऊन गेली.

"मी म्हटलं तसं तू ठेवलं असतंस तर..." लेक म्हणाली.

"तेव्हा ते मला तरी कुठे माहीत होतं?"

"मग आणलंस का परत?"

"हात सुटला नाही. विचारबिचार काही केला नव्हता मी."

लेकीने आवारातल्या रुग्णवाहिकेकडे मान वळवली. "मला अजून त्याचा राग येतो," ती म्हणाली. "तो मरता मरता वाचला तरी येतो. हे बरोबर आहे का?" आई चहा घेऊन आली. दोघींनी एकाच कपातला चहा अर्धा अर्धा प्यायला आणि लेक शेवटच्या बसने परत गेली.

त्यानंतर बुधवार आले. डोळ्यांच्या खोलीशेजारी एक अरुंद खोली, तिथे एक बाक, बाकावर निरनिराळ्या गावांतले पुरुष, आणि कोपऱ्यात कायम एक बाई, जी कुणाबरोबर आलेली नव्हती. ती स्वतःसाठीच आली होती. मनाचे डॉक्टर हळू बोलायचे, गोळ्या बदलायचे, झोप विचारायचे. जावई सकाळी हात न थरथरता रॉड धरू लागला. गिरणीवालीला वाटलं, झालं, सुटलो.

आणि मग एका रविवारी तो घरी आलाच नाही. सोमवारी आला तेव्हा वास दारातूनच आला. मंगळवारभर तो शेडमध्ये तोंड फिरवून पडून होता. गिरणीवालीने या वेळी बाटली शोधली नाही, काही ओतलंही नाही. भीतीने तिला काही सुचतच नव्हतं. बुधवारी सकाळी ती उठली तर जावई अंघोळ करून, स्वच्छ शर्ट घालून दारात उभा होता. "चला," तो म्हणाला. "जायला हवं. मला एकट्याला तोंड दाखवायला लाज वाटते."

तिला वाटलं होतं, डॉक्टर आज बोलतील, चांगलं खडसावतील. डॉक्टरांनी मान वर करून त्याला पाहिलं आणि म्हणाले, "आलात ना? बसा."

एवढंच. परतताना तिने टेम्पोत विचारलं, "हे काय डॉक्टर आहेत? काहीच बोलले नाहीत!" जावई खिडकीबाहेर बघत म्हणाला, "ते बोलले असते तर मी पुढच्या बुधवारी गेलो नसतो, आई." गिरणीवालीला हेही नीटसं कळलं नाही. माणसाने चूक केली तर त्याला बोलायचं असतं, असंच ती समजत आली होती. हा आजार आहे की अवगुण, हे तिने डॉक्टरांना दोनदा विचारून झालं होतं. दोन्ही वेळा तिने मान डोलावली होती आणि दोन्ही वेळा घरी येईस्तोवर तिचा गोंधळ उडाला होता.

लेक सुट्टीच्या दिवशी यायला लागली. आधी येऊन आईच्या खोलीत झोपायची. मग हळूहळू शेडमध्ये जाऊन बसू लागली, नवरा काम करत असला तर लांबून बघायची. एकदा तिने कारखान्यातून बुधवारची सुट्टी काढली आणि आदल्या संध्याकाळी पोरीला घेऊन आली. सकाळी आई निघायची तयारी करते आहे असं पाहून म्हणाली, "तू राहा आज. मी जाते त्याच्याबरोबर."

"खोली सापडेल ना? पाटी नाहीये अजून."

"त्याला माहीत आहे ना," लेक म्हणाली.

दोघं टेम्पोत चढली. ड्रायव्हरच्या बाजूला दुधाच्या पिशव्या होत्या, त्यामुळे दोघांना एकमेकांना खेटून बसावं लागलं. दोघंही समोर बघत होती. टेम्पो वळणावर दिसेनासा झाला तरी गिरणीवाली दारातच होती. नातीने तिची साडी ओढली.

"आजी, बाबांना काय झालंय?"

"त्यांना ना..." म्हातारी अडखळली. "त्यांना बरं नाही."

"मग ते कधी बरे होणार?"

"ते दर बुधवारी जातात," आजी म्हणाली.

नातीला ते उत्तर पुरलं. ती मांजरामागे पळाली. दळणाला दोन बायका येऊन थांबल्या होत्या. गिरणीवालीने पदर खोचला, आत जाऊन बटण दाबलं आणि पट्टा फिरायला लागला.